पथकाचा सूर तळापासून बांधावा

एखाद्या शाळेत संचलनासाठी ब्रास बँड उभा करायचे ठरले की खरेदीची यादी बहुधा ट्रम्पेटपासून सुरू होते. कारणे उघड आहेत. ट्रम्पेट आटोपशीर असते, तुलनेने स्वस्त असते, दिसायला देखणे असते, आणि गाण्याची चाल तेच वाजवते. उरलेल्या पैशांत दोन-चार ट्रॉम्बोन, एखाद-दुसरे युफोनियम बसते आणि अवाढव्य सूझाफोनची खरेदी पुढच्या वर्षावर ढकलली जाते. पंधरा ऑगस्टला मैदानावर पथक उतरते तेव्हा पुढच्या रांगेतला कर्कशपणा तेवढा ऐकू येतो. आवाज आहे, पण भरीवपणा नाही. हा दोष मुलांच्या मेहनतीचा नसतो, यादीच्या क्रमाचा असतो. मोकळ्यावर चालत वाजवणाऱ्या पथकासाठी पितळी वाद्ये निवडताना सुरुवात खर्जाच्या वाद्यांपासून करावी, मग मधला थर भरावा आणि ट्रम्पेट सर्वांत शेवटी मोजावीत. प्रत्येक वाद्य पारखताना पहिले दोन प्रश्नही ठरलेले असावेत: त्याचे पुढचे पसरट तोंड, म्हणजे कर्णा, कुठल्या दिशेला आहे, आणि त्याचे वजन मुलाच्या अंगावर नेमके कुठे पडते. चकाकी आणि छाप यांचा विचार त्यानंतर.

हे पटायला मोकळ्या हवेत आवाजाचे काय होते ते आधी पाहावे लागते. सभागृहात वाजलेला सूर भिंतींवर, छतावर आपटून परत येतो. श्रोत्याला थेट आवाजाबरोबर हा परतलेला आवाजही मिळतो, म्हणून लहानसे पथकही तिथे भरदार वाटते. मैदानावर भिंती नसतात. कर्ण्यातून बाहेर पडलेला आवाज पसरत जातो आणि अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. दहा मीटरवर दणदणीत वाटणारे पथक ऐंशी मीटरवरच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचताना १८ डेसिबल गमावून बसते. यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे ट्रम्पेट वाढवणे. पण पाचाची दहा ट्रम्पेट केली तर पातळी वाढते जेमतेम ३ डेसिबल. कानाला आवाज दुपटीने मोठा वाटायचा तर साधारण १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे पाचाच्या जागी पन्नास ट्रम्पेट हवीत. शिवाय शिकाऊ मुलांच्या दहा ट्रम्पेटांचे सूर एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि वरच्या पट्टीतला विजोडपणा कानाला लगेच बोचतो. त्यामुळे एका मर्यादेनंतर ट्रम्पेटवरचा खर्च वाढतो तसा परिणाम वाढत नाही.

तळाच्या वाद्यांचे गणित वेगळे आहे. माणसाचा कान सगळे स्वर सारख्याच तत्परतेने टिपत नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले: खालच्या पट्टीतला स्वर मधल्या पट्टीतल्या स्वराइतकाच मोठा वाटायचा, तर त्यात बरीच अधिक ऊर्जा ओतावी लागते. म्हणून आठ-दहा ट्रम्पेटांमागे लपलेले एकुलते युफोनियम मैदानावर असून नसल्यासारखे होते. दुसरे कारण सुरेलपणाचे आहे. कोणत्याही पितळी वाद्याच्या स्वराच्या पोटात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वर दडलेले असतात. सूझाफोनने खर्जातला षड्ज धरला की त्यातूनच वरचा षड्ज, पंचम आणि गंधार स्वयंभू उमटतात. गवयाच्या मागे तंबोरा जे करतो, तेच काम हा षड्ज पथकात करतो. वरच्या मुलांना आपला सूर कुठे टेकवायचा ते ऐकू येते. तळ दुबळा असेल तर प्रत्येक ट्रम्पेटवाला शेजाऱ्याचा सूर पकडू पाहतो, शेजारी त्याचा, आणि दोघेही वाहवत जातात.

या युक्तिवादाला इतिहासाचा भक्कम दाखला आहे. २२ एप्रिल १८४५ रोजी पॅरिसच्या शां द मार्स या कवायतीच्या मैदानावर दोन लष्करी बँडची जाहीर स्पर्धा झाली. एका बाजूला जुन्या घडणीचा बँड होता, दुसऱ्या बाजूला अडॉल्फ सॅक्सने बांधलेला. सॅक्सफोनमुळे त्याचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे, पण त्या दिवशी त्याची मदार होती ती सॅक्सहॉर्न नावाच्या पितळी वाद्यांवर. उंच स्वराच्या छोट्या वाद्यापासून खर्जाच्या मोठ्या वाद्यापर्यंत एकाच घडणीचे हे कुटुंब होते. सगळ्यांची नळी फुंकण्याकडून कर्ण्याकडे क्रमाक्रमाने रुंद होत जाणारी, सगळ्यांना पिस्टन, सगळ्यांवर बोटे सारखीच. सॅक्सचे वादक संख्येने कमी होते, तरी जमलेल्या गर्दीने कौल त्याच्या बाजूने दिला आणि फ्रेंच सैन्याच्या बँडमध्ये त्याच्या वाद्यांना प्रवेश मिळाला. आजचे युफोनियम आणि बॅरिटोन याच वळणाची वाद्ये आहेत. वादकांच्या संख्येपेक्षा वरपासून खालपर्यंत सलग भरलेला, एकमेकांत मिसळणारा आवाज मोकळ्यावर सरस ठरतो, हे त्या मैदानावर दिसले आणि शाळेच्या मैदानावर ते आजही तितकेच खरे आहे.

कर्ण्याच्या दिशेचा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे सूझाफोनच्या जन्मकथेतून कळते. जॉन फिलिप सूझा १८८० ते १८९२ या काळात अमेरिकेच्या मरीन बँडचा प्रमुख होता. तेव्हा खर्जासाठी अंगाभोवती गुंडाळलेले हेलिकॉन वापरत आणि त्याचा आवाज सरळ पुढे आदळतो अशी सूझाची तक्रार होती. त्याला मैफलीसाठी पथकाच्या डोक्यावरून पसरणारा मऊ खर्ज हवा होता. त्याच्या सूचनेवरून फिलाडेल्फियाच्या जे. डब्ल्यू. पेपर यांनी १८९३ मध्ये पहिला सूझाफोन घडवला, तो आकाशाकडे तोंड केलेला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी कारागिरांनी कर्णा वाकवून समोर आणला आणि चालत्या पथकांनी हेच रूप आपलेसे केले. मैफलीत आवाज वर सोडलेला चालतो, कारण छत तो परत देते. मिरवणुकीत वर सोडलेल्या आवाजाचा बराच भाग वाया जातो. खर्जाचे स्वर तरी चहूकडे पसरतात. स्वर जितका उंच, तितका तो कर्ण्याच्या तोंडासमोर झोतासारखा जातो. त्यामुळे मधल्या आणि वरच्या थरातल्या वाद्यांचे तोंड समोर असणे आणखी गरजेचे.

इथेच फ्रेंच हॉर्नचा मोह बाजूला ठेवावा लागतो. वाद्यवृंदात त्याच्या स्वराला तोड नाही, पण त्याची रचनाच बसून वाजवण्यासाठी आहे. कर्णा मागे वळलेला, त्यात उजव्या हाताचा पंजा, आणि आवाज मागच्या भिंतीवरून परतून श्रोत्यांकडे जाणार. मैदानात तो मागच्या रांगेतल्या मुलाच्या तोंडावर जातो. शिवाय त्याची मूळ नळी सुमारे ३.७ मीटर लांब असते आणि वादक तिच्या स्वरमालेच्या वरच्या भागात वावरतो. तिथे नैसर्गिक स्वर एकमेकांना इतके खेटून असतात की ओठांचा ताण किंचित चुकला तरी शेजारचा स्वर लागतो. चालताना पावलागणिक हादरा बसतो, तेव्हा हे तोल सांभाळणे तरबेज वादकालाही जड जाते. म्हणून चालत्या पथकात हॉर्नच्या जागी मेलोफोन घ्यावा: नळी हॉर्नच्या निम्मी, कर्णा समोर, स्वरांमध्ये अंतर ऐसपैस. त्याची बोटे ट्रम्पेटसारखी आणि माउथपीसही ट्रम्पेटच्या जवळचे, म्हणून ट्रम्पेट शिकलेले मूल त्यावर लवकर रुळते. मेलोफोनचा गोडवा हॉर्नपेक्षा कमी आहे, हा आक्षेप बरोबर आहे. पण ऐंशी मीटरवर पोहोचणारा साधा स्वर पथकाच्या कामाचा; न पोहोचणारा उत्तम स्वर नव्हे.

दुसरा प्रश्न वजनाचा. पितळी सूझाफोन साधारण १३ ते २० किलोंचा असतो, पण तो डाव्या खांद्यावर टेकतो आणि धडाभोवती फिरतो, त्यामुळे भार शरीराच्या मध्याजवळ राहतो. तेवढ्याच सुरांचा बसून वाजवायचा ट्यूबा हातांत धरून चालणे मुलाला झेपत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी फायबरग्लासचा सूझाफोन बराच हलका पडतो; अमेरिकेतल्या शाळांत तो अनेक दशके रुळला आहे. त्याचा स्वर पितळेइतका भरीव नसतो हे मान्य करूनही मी तो सुचवेन, कारण थकलेले मूल श्वास आखडता घेते आणि आखडत्या श्वासाने उत्तम पितळही वाजत नाही. युफोनियमचे दोन प्रकार मिळतात. समोर कर्णा असलेल्या प्रकारात सगळा भार छातीपुढे हातांवर तोललेला राहतो. उभ्या कर्ण्याचे युफोनियम छातीशी कवटाळता येते. आवाजाच्या दृष्टीने पहिला सरस, पण छोट्या शाळेने दुसरा घेतला तरी मोठा तोटा नाही, कारण त्याचे स्वर पुरेसे खालचे असल्याने पसरतात आणि तेच वाद्य वार्षिक संमेलनात बसूनही वाजवता येते. लहान चणीच्या मुलांसाठी ट्रम्पेटऐवजी कॉर्नेटचाही विचार व्हावा. दोघांच्या नळीची लांबी तीच, पण कॉर्नेटची गुंडाळी आखूड असल्याने वजन चेहऱ्याजवळ राहते आणि मनगट लवकर दमत नाही.

ट्रॉम्बोन या दोन्ही कसोट्यांवर चांगला उतरतो. कर्णा थेट समोर, वजन माफक, पिस्टन नाहीत, आणि दूरवर कापत जाणारा खमका आवाज. त्याच्या मर्यादाही ध्यानात हव्यात. सरकनळी पूर्ण लांबवून सातव्या जागेवर नेण्याइतका हात लहान मुलांचा पोहोचत नाही. नळी पुढे सरकायला मोकळी जागा लागते, म्हणूनच अनेक पथकांत ट्रॉम्बोन पहिल्या रांगेत चालतात. आणि सरकनळीला लहानसा पोचा आला तरी ती अडकते. गेल्या काही वर्षांत प्लास्टिकचे ट्रॉम्बोन निघाले आहेत. ते किलोभराहूनही हलके असतात आणि धक्के सोसतात. सराव आणि पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी ते योग्य; संचलनाच्या दिवशी मात्र पितळेचे हवेत.

आता जुळणीची बाजू, कारण वाद्ये सुटी सुटी चांगली असून भागत नाही. तीन पिस्टनच्या प्रत्येक वाद्यात एक जन्मजात उणीव असते. पहिला पिस्टन सूर पेटीच्या दोन पट्ट्यांनी उतरवतो. त्यासाठी मूळ नळीत सुमारे १२ टक्के लांबीची भर पडते. तिसरा तीन पट्ट्यांनी उतरवतो. त्याला सुमारे १९ टक्के लागतात. दोन्ही एकदम दाबले की पाच पट्ट्या उतरायला हव्यात आणि त्यासाठी साडेतेहेतीस टक्के नळी लागते, पण मिळते ३१ टक्केच. उरलेली तूट सूर चढा करते. ट्रम्पेटची नळी सुमारे दीड मीटर, म्हणून तिथे साडेतीन सेंटिमीटर कमी पडतात आणि ते तिसऱ्या पिस्टनची उपनळी बोटाने पुढे सरकवून भरून काढता येतात. सूझाफोनची नळी साडेपाच मीटरच्या आसपास. तिथे हीच तूट तेरा सेंटिमीटरची होते. इंग्लंडच्या बूझी कंपनीतल्या डेव्हिड ब्लेकलीने १८७४ मध्ये ही तूट आपोआप भरणारी पिस्टनरचना शोधली. चौथा पिस्टन हा दुसरा उपाय. युफोनियम घेताना यांपैकी एक असेल तर जास्तीचे पैसे सत्कारणी लागतात. ट्रम्पेट घेताना तिसरी उपनळी हलक्या बोटाने सरकते का, एवढे तरी पाहावेच.

हवामानही जुळणी बिघडवते. तापमान एका अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो आणि सूर चढतो. २० अंशांवरून ३५ अंशांवर जाताना हा फरक पेटीच्या जवळजवळ अर्ध्या पट्टीइतका होऊ शकतो. वादकाच्या उच्छ्वासाने नळी तापते, पण ट्रम्पेट लवकर तापते आणि सूझाफोन सावकाश. म्हणून सव्वीस जानेवारीच्या थंड सकाळी ट्रम्पेट चढतात आणि खर्ज खाली राहतो. खरेदीच्या वेळी प्रत्येक वाद्याची मुख्य सूरनळी दोन-तीन सेंटिमीटर तरी बाहेर ओढता येते का, ते पाहण्याचे कारण हेच. संचलनापूर्वी दहा मिनिटे मोठ्या वाद्यांत नुसता श्वास भरत राहण्याची शिस्तही यातूनच येते.

धातू आणि मुलामा यांवर दुकानात जितकी चर्चा होते, तितकी ती मोलाची नाही. नेहमीच्या पितळेत तांबे सुमारे ७० टक्के आणि जस्त ३० टक्के असते. तांब्याचे प्रमाण वाढले की रंग लालसर होतो आणि जस्त निसटून नळी आतून कुजण्याची भीती कमी होते. पण स्वराचा स्वभाव मुख्यतः नळीच्या घडणीने ठरतो. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत चांदीचा मुलामा काळवंडतो, तर लाख उडालेल्या जागी पितळ हिरवे पडते. दोन्हींवर उपाय एकच, वाजवून झाल्यावर घाम पुसणे आणि आतले पाणी काढणे. आपल्याकडे बँडची वाद्ये प्रामुख्याने मेरठच्या जली कोठी भागातून येतात. तिथली नादिर अली आणि कंपनी १८८५ पासूनची. तिथे हाताने बरेच काम होते, म्हणून वाद्य नगानगाने पारखावे. पिस्टन न दाबता त्याची उपनळी हळूच बाहेर ओढावी आणि मग पिस्टन दाबावा. फट् असा आवाज आला तर पिस्टन घट्ट बसतो आहे; काहीच आवाज आला नाही तर हवा गळते. पिस्टनांवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात आणि त्यांची अदलाबदल केली तर हवेचा मार्गच बंद होतो, हे मुलांना पहिल्याच दिवशी दाखवावे.

तळापासून सुरुवात करण्यावर सर्वांत मोठा आक्षेप पैशाचा. एका सूझाफोनच्या किमतीत बरीच ट्रम्पेट येतात, हे खरे. पण ट्रम्पेट एखादे पालकही मुलासाठी घेऊ शकतात. सूझाफोन कुणाच्या घरी येणार नाही. जे घरे घेऊ शकत नाहीत ते संस्थेने घ्यावे, ही वाटणी न्यायाची आहे, आणि जुने पण पिस्टन घट्ट असलेले मोठे वाद्य नव्या कमअस्सल वाद्यापेक्षा कधीही बरे. दुसरा आक्षेप असा की आपले संगीत चालीचे आहे, पाश्चात्त्यांसारखे स्वरमेळाचे नाही, मग खर्जाचा हट्ट कशाला? याला उत्तर आपलीच परंपरा देते: षड्जाच्या आधाराशिवाय आपल्याकडे चाल गायली जात नाही. संचलनात तर खर्ज पावलाला ठेकाही देतो. बेस ड्रम ठोका देतो, पण सूर देत नाही. तिसरा आक्षेप आधुनिक आहे. लग्नाच्या मिरवणुकीतले बँड आता गाडीवर ध्वनिवर्धक आणि कीबोर्ड लावून खर्ज भरतात, तेच शाळेने का करू नये? कारण संचलनात रांगा वळतात, फाकतात, उलट फिरतात. गाडी त्यांच्याबरोबर वळत नाही, आणि आवाज एकीकडून व मुले दुसरीकडून येऊ लागली की ताल तुटतो. आणि यंत्राने भरलेला खर्ज कुठल्याच मुलाला वाजवायला मिळत नाही, हे नुकसान मला सर्वांत मोठे वाटते.

तेव्हा सोळा पितळी वादकांचे पथक असेल तर माझा कौल असा: दोन सूझाफोन, तीन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन, तीन मेलोफोन आणि पाच ट्रम्पेट. पैसे एकदम नसतील तर पहिल्या वर्षी याच प्रमाणात निम्मे पथक उभे करावे, ट्रम्पेटची रांग तेवढी पूर्ण करू नये. एका थरातली वाद्ये एकाच घडणीची घ्यावीत आणि यादीवर सही होण्यापूर्वी शिकवणारा माणूस ठरलेला असावा. गोव्याच्या चर्चशाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवले, म्हणून मुंबईतले बँड आणि चित्रपटांचे वाद्यवृंद गोमंतकीय वादकांनी भरले. वाद्यांआधी शिक्षण होते, हा त्यातला धडा. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने होणाऱ्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत मुलांच्या आणि मुलींच्या ब्रास बँडसाठी स्वतंत्र गट असतात, म्हणजे शाळांनी याकडे गांभीर्याने पाहावे असे निमित्त देशपातळीवर आहे. त्या दर्जाला पोहोचायचे असेल तर मागच्या रांगेतल्या मुलामुलींना गळकी, जड, उरलीसुरली वाद्ये देणे थांबवले पाहिजे. पथकाचा सूर त्यांच्याच श्वासावर उभा असतो, म्हणून खरेदीच्या यादीत पहिला हक्क त्यांचा आहे.